राजाच्या गाडीला ट्रकचे पाटे

गेनबा टायरवाल्याला राजाने कोठडीत टाकले, ते राजाच्याच हट्टापायी.

शेजारच्या राजाकडे हत्ती जास्त होते, म्हणून आपल्या राजाने एक छोटी एसयूव्ही घेतली. गाडी चांगली होती, पण राजाला ती बुटकी वाटू लागली. त्याने गेनबाला बोलावून फर्मावले, "मोठी चाकं पाहिजेत, चकचकीत रिम पाहिजेत आणि मागे ट्रकचे पाटे. गाडी कशी ताठ उभी राहिली पाहिजे!"

"सरकार, ट्रकचे पाटे म्हंजी पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लई कडक असत्यात," गेनबा म्हणाला. "एवढ्याशा गाडीला ते मानवायचे न्हाईत."

"राजा मी आहे की तू?"

या प्रश्नाला उत्तर एकच असल्याने गेनबाने निमूटपणे पाटे बसवले.

पहिल्याच फेरीत राजाचे डोके टपाला सात वेळा आपटले, मुकुट उडून मागच्या काचेवर आदळला आणि कंबर अशी धरली की महाराजांना सिंहासनावर तिरके बसावे लागले. रस्त्यात खड्डे होते हे खरे. पण रस्ता राजाच्या मेव्हण्याने बांधला होता, त्यामुळे दरबारात खड्ड्यांचा विषय कोणी काढत नसे. मग दोष गेनबाचा ठरला.

गेनबाची लेक हौसा बापाच्या बरोबरीने दुकान चालवायची. बातमी कळताच ती ग्रीसच्या काळ्या हातांनी तशीच दरबारात येऊन उभी राहिली.

"माझ्या बापाला सोडा, सरकार. त्यानं तुमी सांगितलं तेच केलं."

"सोडतो की," राजा तिरका बसूनच म्हणाला. "परवा शनिवारी मी भैरोबाच्या टेकडीवर जाणार आहे. हातात दुधाचा पेला धरीन, दोन बोटं कमी भरलेला. जाऊन येईपर्यंत गाडीच्या धक्क्याने एक थेंब सांडता कामा नये. सांडला, तर बापाशेजारची कोठडी तुझी."

"मग आत्ताच पाटे बदलते."

"खबरदार! चाक बदलायचं नाही, पाटा बदलायचा नाही, गाडीला हत्यार लावायचं नाही. राजाची निवड चुकली असं लोकांनी म्हणायला नको."

प्रधानाने तिन्ही अटी लिहून घेतल्या. हौसाने एवढेच मागितले की गाडी ती स्वतः चालवेल, आणि राजाने मान डोलावली.

बाहेर येऊन तिने गाडीच्या डिकीला पाठ लावली आणि सगळा भार टाकून पाहिला. गाडी तसूभरही खाली बसली नाही. ते पाहून तिला राग आला आणि हसूही आले. कोठडीत बसलेला बाप आठवून डोळे भरले, ते तिने बाहीने पुसले. दुकानासमोरून माल उतरवून रिकामे परतणारे ट्रक ती लहानपणापासून बघत आली होती, आणि त्यांचे ड्रायव्हर उतरल्या उतरल्या काय शिव्या घालतात तेही तिला पाठ होते. ती तडक बाजाराकडे निघाली.

शनिवारी राजा रेशमी अंगरखा घालून, पेला सावरत बाहेर आला आणि गाडीचे दार उघडून थबकला. मागच्या सीटवर तालमीतले दोन पैलवान बसले होते आणि त्यांच्या मधोमध भोपळे विकणारी सावित्रा म्हातारी. डिकीत ज्वारीची दोन पोती आणि उरलेल्या जागेत भोपळे.

"हा काय चावटपणा?" राजा ओरडला. "माझ्या गाडीत ही माणसं?"

"चाक तेच हाय, पाटा तोच हाय, हत्यार लावलं न्हाई," हौसा म्हणाली. "माणसं बसवायची न्हाईत, असं सरकार बोलले न्हाईत."

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि खाकरला. राजा नाइलाजाने पुढच्या सीटवर बसला.

गाडी निघाली. पहिला मोठा खड्डा आला तशी राजाने मान खांद्यात ओढून घेतली. गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली आणि पेल्यातले दूध नुसते डुचमळले. दुसऱ्या खड्ड्यालाही तेच. तिसऱ्यानंतर राजाने मान बाहेर काढली. मागून म्हातारी म्हणाली, "रस्ता कुणी केला रं ह्यो? त्याला एकदा भोपळ्याच्या पाटीसंगं ह्याच वाटंनं चालीव." दोन्ही पैलवान खिडकीबाहेर बघू लागले, आणि राजाने आयुष्यात पहिल्यांदा खड्डे मोजायला सुरुवात केली.

टेकडीवर जाऊन, भैरोबाला हात जोडून गाडी परत वाड्यासमोर उभी राहिली. अंगरखा कोरडा होता. राजा खाली उतरून पेल्याकडे बघतच राहिला.

"खड्डे तेच, पाटे तेच. मग तू केलंस काय?"

"पाटे ट्रकचे हाईत, सरकार. त्यांना वजनाची सवय. तुमी एकले बसला तर गाडीत कुणी हाय हेच त्यांना कळंना. आज बसले चार-पाच क्विंटल, तवा कुठं ते वाकले."

"म्हणजे मी एकट्याने फिरायचंच नाही?"

"फिरा की. फक्त सरकारांनी सोताचं वजन तेवढं वाढवावं. मग म्या सिंव्हासनालाबी ट्रकचेच पाटे बसवून देईन."

प्रधान दोन पावले मागे सरकला. राजाने आधी डोळे वटारले, मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदाखदा हसला की हातातला पेला कलंडून दूध अंगरख्यावर सांडले.

"सांडलं! महाराज, दूध सांडलं!" प्रधान ओरडला.

"सांडलं खरं," हौसा म्हणाली, "पण धक्का गाडीचा न्हाई, सरकारांच्या पोटाचा हाय. पोटाला पाटे माझ्या बापानं बसवले न्हाईत."

राजा पोट धरून पायरीवरच बसला. हसू आवरल्यावर त्याने स्वतः जाऊन कोठडीचे कुलूप काढले, गेनबाच्या खांद्यावर शाल घातली आणि शाही गाड्यांचा सगळा कारभार हौसाच्या हाती दिला. सोमवारी सकाळी बापलेकीने मिळून ट्रकचे पाटे खाली उतरवले.