हाकेचा ओटा

पाहुणे मंडळी, धक्क्याच्या टोकाचा हा दगडी ओटा बघा. जेमतेम एक माणूस उभा राहील एवढाच आहे. समोर, चिंचोळ्या पाण्यापलीकडे, ती पडकी भिंत. दीडशे वर्षांपूर्वी आमच्या या एड्रियाटिक बंदरात पटकी लागलेलं जहाज आलं, की उतारूंना चाळीस दिवस त्या भिंतीआड ठेवत. सकाळी त्यांना कठड्याशी येऊ देत आणि गावातले नातेवाईक इथून हाका मारून विचारपूस करत.

तेव्हा इथे स्पासोये नावाचा सर्बियन धान्यव्यापारी होता. नऊ वर्षं एकटा राहून त्याने घर उभं केलं आणि मग बायकोला, पेर्सिदाला, बोलावून घेतलं. तिच्या जहाजावर पटकी निघाली. पहिल्या सकाळी त्याने येऊन हाक मारली. पण गोदीत त्याचा गहू उतरत होता, म्हणून रविवारी येतो असं सांगून तो गेला. रविवारी आला तेव्हा ती नव्हती. पहारेकरी म्हणाला, "अंगात ताप होता, तरी रोज कठड्याशी येऊन उभी राहायची. बाकीच्यांना हाका यायच्या."

त्यानंतर, असं सांगतात, त्याने भिंतीआडच्यांसाठी दवाखाना बांधला, पांघरुणं दिली आणि हा ओटा घातला. ज्यांचं गावात कुणी नाही, त्यांची नावं पहारेकऱ्याकडून घेऊन तो रोज हाका मारी. झोप लागली का, काही हवं का, विचारी. तेवीस वर्षं. घरी मात्र त्याला हे विचारणारं कुणी नव्हतं.

म्हातारपणी एका प्रवासाहून परतताना तो स्वतःच तिकडे अडकला. रोज कठड्याशी येई. ओटा रिकामा. हाका मारणाराच पलीकडे आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही म्हणे. सहाव्या सकाळी फोश्का नावाची धोबीण इथून जाताना थबकली. ती या बंदरात एकटी उतरली होती, तेव्हा तिलाही त्यानेच हाका मारल्या होत्या. ओल्या कपड्यांची टोपली खाली ठेवून ती ओट्यावर चढली.

"स्पासोये, मी आले आहे."

त्याने टोपी काढली आणि ती जाईपर्यंत हातातच धरून ठेवली.

तिथून तो बाहेर आला नाही. पण फोश्काने शेवटच्या सकाळपर्यंत हाक चुकवली नाही, आणि पुढे गावाने पाळ्या लावून घेतल्या.

आजही रोज कुणीतरी इथे चढतं. भिंतीआड आता कुणी नसतं, म्हणून बंदरात एकट्याने आलेल्यांना आम्ही हाक मारतो. आज माझी पाळी आहे. तुमच्यात कुणी एकटं आलं असेल, तर नाव सांगा.