बहात्तर पावलांवरचे घड्याळ

'ठीक' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'ठीक दहा वाजता या' म्हणताना तो काटेकोर असतो. 'ठीक आहे' म्हणताना तोच अघळपघळ होतो. या दोन अर्थांमधल्या फटीतून एकदा एका शिष्याच्या हातचे माणूस निसटले.

एका वृद्ध वैद्याच्या रुग्णालयात तो शिकत होता. फुप्फुसदाहाने, म्हणजे आजच्या भाषेत न्यूमोनियाने, आजारी पडलेली भिवराबाई नावाची विणकरीण तेथे आली. तिची जीभ तिखट. "वैद्यबुवा, आधी मिशी फुटू द्या, मग माझी नाडी धरा!" आईविना वाढलेल्या शिष्याला ते बोलणे फार गोड लागे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारले, "कसं वाटतंय, मावशी?"

"ठीक आहे रे लेकरा," ती हसून म्हणाली.

त्याने तिच्या खाटेशी ठेवलेल्या नोंदीच्या पाटीवर 'ठीक' लिहिले. श्वास मोजले नाहीत; या रोगात जलद श्वास हीच धोक्याची खूण. संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी शिष्याने गाठोडे बांधले. तिची एक थट्टा पुन्हा कानी पडावी, एवढ्यासाठी तो सारी विद्या टाकायला तयार होता. निरोप घ्यायला गेला, तर गुरुजी भिवराबाईच्या रिकाम्या खाटेपासून औषधांच्या खोलीतील वाळूच्या घड्याळापर्यंत पावले मोजत चालले होते. गेले, परतले, पुन्हा गेले.

"गुरुजी, हे काय?"

"बहात्तर," गुरुजी म्हणाले. "श्वास येथे, आणि तो मोजायचे घड्याळ बहात्तर पावलांवर. आज साऱ्या पाट्या पाहिल्या. वीस रोग्यांपैकी तिघांचेच श्वास मोजलेले. उरलेल्या सतरा पाट्यांत चार माझ्या अक्षरातल्या आहेत, बाळ. तू एकटाच चुकला असतास, तर तुला जाऊ दिले असते. जे सगळेच चुकतात, ते कामाच्या मांडणीत चुकलेले असते. चेहरा हसून वेळ मारून नेतो. श्वासाला ते साधत नाही. गाठोडे ठेव. घड्याळ खाटांच्या मधोमध ठेवू, आठवड्याने पुन्हा पाट्या पाहू. नाही जमले, तर आणखी काही करू."

आठवड्याने विसांपैकी अकरा जणांचे श्वास मोजलेले निघाले. राहिलेल्या नऊ खाटा भिंतीआड होत्या. तेथून घड्याळ दिसत नव्हते. मग दुसरे आणले. ज्याचा श्वास जलद, त्याची खाट गुरुजींच्या बैठकीशेजारी, असा नेम ठरला. तो पाळण्याचे काम गाठोडे सोडून राहिलेल्या शिष्यानेच घेतले.

ही गोष्ट सांगणारे शेवटी म्हणतात, की त्यानंतर तेथे फुप्फुसदाहाने कोणी दगावले नाही आणि शिष्याचे दुःखही निवले. दोन्ही खरे नाही. माणसे पुढेही गेली; कोणी पाहिलेच नाही म्हणून जाणारी मात्र विरळ झाली. आणि शिष्य स्वतः वृद्ध झाला, तरी विणकरांच्या आळीतून जाताना, हातमागांचा आवाज आला की त्याची पावले मंदावत.