टेकडीवर हलवलेला कागद

"'जिथंतिथं कट दिसणारा खुळा' असं एकदा छापलं, की म्हाताऱ्याचं कुणी ऐकत नाही," मामंजी फोनवर धरणाच्या ठेकेदाराला सांगत होते. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. तो म्हातारा म्हणजे माझे वडील, धरणावरचे निवृत्त ओव्हरसियर. भिंतीला भेग पडलीय, खालची आळी रिकामी करा, असं ते महिनाभर सांगत होते.

सकाळी मामंजींच्या मालकीच्या वर्तमानपत्रात तेच छापून आलं. चारचौघांत त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "काय सूनबाई, वडिलांना औषध सुरू करायचं ना?"

लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलले. "करू की, मामंजी. पण खालच्या आळीतल्या छापखान्याचा सगळा कागद परवा तुम्ही टेकडीवर हलवलात. हमालांना चहा मीच दिला. तो कागद कुणाचं ऐकून हलवलात? माणसं तेवढी तिथंच राहिलीत."