नगराध्यक्षांची पोच

करमणूक बागेतल्या उंच पाळण्यात कुणाला बसवायचं, हे सगुणा ठरवायची. एके दुपारी नगराध्यक्ष दौलतराव चार वर्षांच्या नातीला घेऊन आले. नात उंचीच्या रेघेला वीतभर कमी भरली. सगुणानं नाही म्हणताच ते रांगेदेखत कडाडले, “नोकरी घालवीन! माझी पोच थेट मंत्रालयापर्यंत आहे!”

सगुणा हसून म्हणाली, “असेल की साहेब. पण छकुलीचे पाय अजून फळीपर्यंत पोचत नाहीत. पाळणा वर गेल्यावर तिला धरायला मंत्रालयातून कोण येणार?”

रांगेत हशा पिकला. दौलतरावांनाही हसू आवरेना. “बरं बाई, मग हिला बसवू कशात?”

“झुकझुक गाडीत. पण शेजारी मोठं माणूस लागतं.”

मग काय, गुडघे हनुवटीला टेकवून आजोबा बसले आणि नातीबरोबर तीन फेऱ्या घंटा बडवत राहिले.