मिठाचा मान

एकदा एक नावाजलेले वैद्य गावजेवणात मीठ वाढायला उभे राहिले, आणि त्यांच्या शिष्याला मान वर करण्याची लाज वाटली.

गाव तळ्याकाठचे, खाऊनपिऊन सुखी. पानात पहिले मीठ वाढायचे ही रीत तशी सगळीकडचीच. पण या गावाने तिला भलतेच डोक्यावर घेतले होते. इथे यजमान स्वतःच्या हाताने मीठ वाढी, आणि तेही चिमूटभर नव्हे, चांगला ढीग. ज्याचा ढीग मोठा त्याचे मन मोठे. पाहुण्यानेही ते टाकून उठायचे नाही, कारण तो यजमानाचा अपमान. मग मंडळी आमटीत कालवून, ताकात ढवळून तो ढीग निष्ठेने संपवीत. वर्षाकाठी या भल्या माणसांपैकी कुणी छातीला हात लावून कोसळे, कुणाचे अर्धे अंग लुळे पडे. गाव हळहळे, नशिबाला बोल लावी आणि तेराव्याच्या जेवणाला पुन्हा तेवढेच ढीग वाढी.

शिष्याचे वडील असेच गेले होते. थोरल्या मुलाच्या लग्नाची पंगत आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना, वाचाही गेली. पुढे जेमतेम महिनाभर ते जगले. त्या महिन्यात ते सारखे काहीतरी सांगू पाहत होते. काय, ते घरात कुणालाच कळले नाही. त्या दुःखातूनच धाकटा वैद्यांकडे शिकायला आला. आता थोरल्या भावातही वडिलांना झटक्याआधी होती तशीच लक्षणे दिसू लागली होती. सकाळी डोके जड, जिना चढला की धाप. औषधाचे नाव काढले की भाऊ हसून म्हणे, मला काय धाड भरली आहे? नाडीसुद्धा दाखवायला तो तयार नव्हता. म्हणून झटक्यावरची मात्रा गुरूंकडून लवकर शिकून घ्यायची, एवढाच ध्यास शिष्याला लागला होता. गुरू मात्र आज नको, उद्या पाहू, असे करत होते.

अशात गावातल्या शेठजींकडे नातवाचे बारसे निघाले. त्या दिवशी वैद्यांनी दवाखाना बंद ठेवला आणि ते सकाळीच शेठजींच्या मुदपाकखान्यात जाऊन बसले. आचाऱ्याशी त्यांचे बराच वेळ खलबत चालले होते. मग त्यांनी शेठजींना हात जोडले. म्हणाले, वय झाले, या गावाचे अन्न खाल्ले, एकदा मिठाचा मान मला द्यावा. शेठजी गहिवरले. त्यांना नाही म्हणवेना. वैद्यांनी लगेच दुसरी मागणी पुढे केली: विडे मांडवात न ठेवता तळ्यापलीकडच्या देवळाच्या पायरीवर ठेवावेत, बिनतंबाखूचे, आणि तेही मीच देईन. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखा होतो, असे मनाशी म्हणत शेठजींनी तेही कबूल केले.

पंगत बसली. वैद्य इवलासा चमचा घेऊन निघाले आणि प्रत्येक पानाच्या कडेला मोजके कण ठेवत गेले. कुजबुज सुरू झाली. शेठजींचा चेहरा उतरला, पण वैद्यांना बोलणार कोण? शिष्याचा भाऊ तेवढा मोठ्याने म्हणाला, "धाकट्या, तुझ्या गुरूंचा हात फार आखडता बुवा." पंगत हसली. आमटीतही मीठ बेताचेच होते. पण आचाऱ्याने कोकम आणि लिंबू असे जमवले होते की ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. आमटीची पातेली रिकामी झाली.

मग विड्यासाठी सारे गाव कुरकुरत तळ्याला वळसा घालून आले. वैद्य पायरीवर बसले होते. प्रत्येकाचा हात हाती घेत, तळव्यावर विडा ठेवत आणि घरच्यांची चौकशी करताना तो हात जरा वेळ तसाच धरून ठेवत. भाऊ धापा टाकतच आला. त्याचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग सहज म्हणाले, "माझे गुडघे आता टेकडी चढू देत नाहीत. रोज सकाळी मला थोडा अडुळसा आणून द्याल? दमून याल, तेव्हा घोटभर काढा घेऊन जात जा." एवढ्या मोठ्या वैद्यांनी आपल्याला काम सांगितले, याचाच भावाला आनंद झाला.

घरी परतताना शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, मी आपल्याकडे मात्रा मागत होतो. आपण मात्र मीठ आणि विडे वाटत बसलात."

वैद्य थांबले. "मात्रा उद्यापासून शिकवतो. ती लागेलच. पण तुझ्या वडिलांच्या उशाशी मी बसलो होतो, तेव्हाही माझ्याजवळ मात्रा होतीच की. मी पोचलो तेव्हा फार थोडं करण्यासारखं उरलं होतं. तुझ्या भावाला एकट्याला मी मीठ कमी खा म्हटलं असतं, तर भर पंगतीत ढीग टाकून उठायचं धाडस त्याला झालं असतं का? आज ढीगच वाढला नाही, त्यामुळे कुणाला धाडस करावं लागलं नाही. विड्याच्या निमित्ताने गाव चार पावलं चाललं आणि न मागता मला नाडी दाखवून गेलं. काही नाड्या कठीण लागल्या. तुझ्या भावाची त्यांतलीच. तो उद्या येईल."

"पण आपण हे केलंत, ते कुणाला कळणारसुद्धा नाही."

"ज्याला मी वाचवतो, तो मला हार घालतो. ज्याला झटका आलाच नाही, तो माझ्या नावाने खडे फोडतो. फोडू दे. फोडायला तो आहे, एवढं मला पुष्कळ झालं."

वर्षे गेली. इवल्या चमच्याची आता रीतच झाली होती आणि ती आपल्याच घरापासून सुरू झाली, असे शेठजी सांगत फिरत. वैद्य थकले, तसा त्यांनी चमचा शिष्याच्या हाती दिला. भावाच्या मुलीच्या लग्नात मीठ त्यानेच वाढले.

त्या रात्री मात्र त्याला झोप लागली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची ती जुनी सकाळ त्याच्या मनातून जाईना. उजाडताच तो भावाच्या घरी धावला. अंथरूण रिकामे होते. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे तर केव्हाच टेकडीवर गेलेत."

आणि भाऊ आलाच. अडुळशाची जुडी ओट्यावर टाकून त्याने धाकट्याला फैलावर घेतले. "पोटच्या पोरीच्या लग्नात मला मीठ पुरलं नाही. गुरूंवर ताण केलीस तू."

भाऊ खणखणीत आवाजात, दोन्ही हात हलवून तक्रार करत होता, आणि शिष्य डोळे पुसत, हसत, ती शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.