माळ्यावरची फुलं

बेल्जियमच्या एका खेड्यात गोडलीव्हबाई लाकडी पिंपांत बिअर मुरवायची, त्या काळची ही गोष्ट. बिअर नासू नये म्हणून तिच्यात हॉपच्या वेलीची कडू फुलं घालतात. एका सुगीला बाईने या फुलांचं पोतं भरलं आणि थेट माळ्यावर नेऊन ठेवलं.

फुलं रुसली. शेजारच्या भट्टीत दर वर्षी ताजी फुलं उकळत आणि त्यांचा वास गावभर सुटे. इकडे माळ्यावर वर्षं सरली. फुलं पिवळी पडली, त्यांचा वासही उडाला.

"बाई आम्हाला विसरली," फुलं तिथल्या कोळिणीला म्हणाली. "आता केराबरोबरच बाहेर पडायचं."

"माझं जाळं ती कधी झाडत नाही," कोळीण म्हणाली. "माश्या मीच धरते, हे तिच्या लक्षात असतं. विसरणारी बाई नव्हे ती."

एका हिवाळ्यात बाई वर आली. तिने एक फूल चुरगाळून जिभेवर ठेवलं.

"आमच्यात आता कडूपणासुद्धा उरला नाही," फुलं पुटपुटली.

"तो जायचीच तर वाट बघत होते," बाई म्हणाली. "माझी बिअर पिंपात वर्षानुवर्षं निजते. तिला राखण हवी, पण बोचणारी नको. राखण तुम्हाला अजून येते."

मग तिने पोतं उचलून कडेवर घेतलं आणि झोपलेलं लेकरू न्यावं तशी ती सावकाश जिना उतरली.