काखेतला जोडा

खिंड चढताना उजव्या हाताला हा बसका धोंडा लागतो ना, त्याच्यावर बूड टेकू नका, मंडळी. सावली चांगली आहे, पण आमच्यातलं कोणी इथे बसत नाही. त्या कपारीत बघा, लाकडाचे दोन पाय ठेवलेत. देव नव्हेत ते. जोडा शिवताना आत घालतात ते फर्मे. त्यांना शेंदूर लावायचा नाही, नुसतं तेल द्यायचं.

खाली घरं दिसतात, तिथे म्हाळू नावाचा जोडे शिवणारा होऊन गेला असे सांगतात. किल्ला नांदता होता तेव्हाची गोष्ट. म्हाळू दुसऱ्याच्या फर्म्याला हात लावत नसे, प्रत्येकाचा पाय मापून स्वतः कोरी. त्याला कारण घरातच होतं. त्याच्या एकुलत्या एका मुलाचा, हैबतीचा, उजवा पाय लहानपणी गाडीच्या चाकाखाली चेंगरला होता. त्या वेड्यावाकड्या पायाला बापाने असा जोडा शिवला की पोरगं पळायला लागलं. पळता पळता तरणं झालं, आणि किल्ल्यावर जासुदाची, निरोप घेऊन पळायची, चाकरी चालून आली. अमावास्येला हजर व्हायचं, नाहीतर दुसरा माणूस तयारच होता.

चाकरीसाठी नवा जोडा शिवायला घेतला, तर नेमका उजव्या पायाचा फर्मा वाळवीने खाल्लेला निघाला. शिवणीच्या झाडाचं लाकूड तोडलं की वर्षभर सावलीत वाळवायचं, हे म्हाळूला काय कोणी शिकवायला हवं होतं? पण पोराची चाकरी हातची जाते म्हणून त्याने ओली फांदी तोडली, चुलीवर शेकली आणि कोरली. वरून खडखडीत, आत ओल. त्यावर चढवलेला जोडा सुकत गेला, तसं लाकूड आतल्या आत आकसलं आणि त्याच्याबरोबर चामडंही.

हैबतीने जोडा पायात घातला तेव्हा म्हाळूने विचारलं, "लागतंय का रे कुठे?"

हैबतीने बापाच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. "छे हो, आबा! मस्त बसलाय."

बोलताना त्याच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती म्हाळूला दिसली होती, म्हणे. पण त्याला तेच उत्तर हवं होतं. त्याने पोराला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सरपणाला आलेल्या बायांना हैबती या धोंड्याशी सापडला. फुरसं डसलं होतं, अंग थंडगार पडलं होतं. पाय अनवाणी, टाच सोलून निघालेली, आणि जोडा काखेत. चढण अनवाणी चढायची, पण आबांनी शिवलेलं टाकायचं नाही, असंच त्याच्या मनात असणार. काय म्हणावं अशा पोराला!

म्हाळू रडला नाही. घरून फर्मा घेऊन आला आणि लेकाच्या तळव्याला लावून पाहिला. जवभर लहान भरला. "अरे, एकदा म्हणायचंस तरी," तो म्हणाला, आणि मग मरेपर्यंत तेवढंच म्हणत राहिला. दोन्ही पायांचे फर्मे त्यानेच इथे आणून ठेवले.

आजही या धोंड्यावर कोणी बसत नाही, आणि आजही आमच्याकडे फर्म्याचं लाकूड वर्ष सरल्याशिवाय कोरत नाहीत. नवा जोडा घेणाऱ्याने तर "बरा आहे" म्हणायचंच नाही. चार पावलं चालून यायचं आणि कुठे लागतो ते सांगायचं. लागत नसला तरी एखादी जागा दाखवायची. कारागीर तिथे अंगठ्याने चोळतो आणि मगच जोडा देतो.

परवा एक पाहुणे हट्टालाच पेटले. कुठेच लागत नाही म्हणाले, उगाच खोटं का बोलू? माझे थोरले चुलते खाली बसले आणि त्यांच्या पायातला जोडा काढून घेतला. परत देईनात. पाहुण्यांनी चुलत्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाजच उतरला. वाकून टाचेला हात लावत म्हणाले, "इथे. थोडंसं."

"सांगितलंस, बरं केलंस, बाळा," चुलते म्हणाले.

पाहुणे साठीच्या पुढचे होते.